धुऱ्यावरचा साग : लावणीपासून लाकडाच्या पैशापर्यंतचा हिशेब

अमरावती व अकोला जिल्ह्यांत ज्यांच्या वावराच्या धुऱ्यावर सागाची दहा-वीस झाडे उभी आहेत, असे शेतकरी पुष्कळ आहेत. काहींनी ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने लावली, काहींना ती वडिलांकडून मिळाली. मुलीचे लग्न, दवाखाना किंवा विहिरीचे काम निघाले की या झाडांकडे लक्ष जाते. व्यापारी येतो, झाडांभोवती एक फेरी मारतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर सौदा होतो. पुढे तेच लाकूड आरागिरणीवर कापून निघाल्यावर त्याची जी किंमत होते, ती ऐकून शेतकऱ्याला हळहळ वाटते.

लाकूड हे पीक आहे. परंतु कापूस, सोयाबीन किंवा तुरीप्रमाणे त्याचा पैसा दरवर्षी येत नाही. खर्च आज, राखण दररोज आणि उत्पन्न एका पिढीनंतर, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच लाकडावर पोट भरू पाहणाऱ्याची आर्थिक ओढाताण होते. ही ओढाताण नेमकी कोठे होते आणि ती कमी करण्यासाठी काय करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

वऱ्हाडातील लाकडाचा धंदा : थोडी पार्श्वभूमी

सातपुड्याच्या रांगांतील मेळघाटचे जंगल सागासाठी प्रसिद्ध आहे. परतवाडा येथील लाकूड आगार आणि तेथील लिलाव वऱ्हाडातील जुन्या पिढीला चांगले परिचित आहेत. घराचे खांब, दारे, चौकटी, बंडी व शेतीची अवजारे यांसाठी लागणारे लाकूड याच बाजूने खाली येत असे.

जंगलतोडीचे काम पूर्वी ठेकेदारांच्या हाती होते. तोड करणाऱ्या आदिवासी मजुरांच्या पदरात त्यातून फारच थोडे पडे. म्हणून मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. पुढे १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला, १९८५ मध्ये अभयारण्य व १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या सहकार्याने निर्माण करावा, अशी दिशा दिली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर जंगलातील तोड मंजूर कार्य आयोजनेप्रमाणेच करण्याचे बंधन आले आणि आरागिरण्यांवरील नियंत्रण कडक झाले. १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली व पडलेली झाडे काढणेही थांबले.

जंगल राखण्यासाठी हे आवश्यक होते. पण याचे दोन आर्थिक परिणाम झाले. धारणी व चिखलदरा भागात ज्या कुटुंबांना हिवाळा-उन्हाळ्यात तोडीची व वाहतुकीची मजुरी मिळत असे, त्यांचा हा आधार कमी झाला. दुसरे म्हणजे मालकी जमिनीवरील झाडांचे महत्त्व वाढले. धुऱ्यावरचा साग आता केवळ घरच्या वापराचा राहिला नसून तो बाजाराचा माल झाला आहे. बाजाराचा माल म्हटला की त्याचा हिशेब आलाच.

पहिली अडचण : काळ आणि व्याज

सागाच्या लागवडीचा खर्च थोडा दिसतो. एक खड्डा, एक सागजडी आणि पहिल्या दोन-तीन वर्षांची निंदणी व राखण एवढाच तो असतो. मात्र हा पैसा बरीच वर्षे अडकून राहतो. द.सा.द.शे. ८ टक्के चक्रवाढ व्याज धरले तर आज खर्च केलेल्या १०० रुपयांचे पुढे किती व्हावयास पाहिजेत, हे तक्ता क्र. १ वरून दिसेल.

तक्ता क्र. १ : १०० रुपये खर्चाची ८ टक्के दराने होणारी रक्कम
१० वर्षांनी : २१६ रुपये
२० वर्षांनी : ४६६ रुपये
३० वर्षांनी : १,००६ रुपये
४० वर्षांनी : २,१७२ रुपये

म्हणजे तिसाव्या वर्षी झाड विकून लागवड खर्चाच्या दहापट रक्कम मिळाली, तर केवळ व्याज वसूल झाले असे समजावे. त्यावर जे मिळेल तो नफा. झाडाच्या सावलीमुळे व मुळांमुळे धुऱ्यालगतच्या तासांतील कपाशी किंवा तुरीचे जे नुकसान होते, तेही यात धरले पाहिजे. याउलट संत्रा बागेच्या बांधावर लावलेल्या सागाने वारा अडत असेल, तर तो फायदाही जमेस धरावा.

१९९० च्या दशकात साग लागवडीच्या नावाने अनेक कंपन्यांनी लोकांकडून पैसा गोळा केला. थोड्या रकमेत वीस वर्षांनी लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती त्या काळी येत. बहुतेकांच्या पदरी निराशा आली. अखेर १९९९ मध्ये अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीने विनियम केले. साग खोटा नव्हता, पण त्याच्या वाढीचा व भावाचा जो हिशेब मांडला गेला तो खोटा होता. आजही कोणी ठरावीक वर्षांत ठरावीक रकमेची हमी देत असेल, तर हा अनुभव आठवावा.

दुसरी अडचण : जमीन आणि वाढ

सागाला निचऱ्याची, खोल जमीन मानवते. मेळघाटच्या डोंगरउतारावर जो साग जोमाने वाढतो, तोच पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत खुरटतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील अशा चोपण जमिनीत, सागावर भरवसा ठेवून आर्थिक नियोजन करू नये. तेथे बाभूळ व कडुनिंब ही झाडे तग धरतात. बाभळीचे लाकूड अवजारांसाठी व जळणासाठी गावातच खपते.

पाणी व खत देऊन साग लवकर जाड होतो हे खरे. परंतु कोवळ्या वयात जाड झालेल्या झाडात गाभ्याचे पिवळसर-तपकिरी लाकूड कमी आणि बाहेरचा पांढरट थर अधिक असतो. टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडात असतो आणि व्यापारी भाव त्यालाच देतो. त्यामुळे वरून जाड दिसणाऱ्या झाडाला अपेक्षित भाव मिळत नाही.

तिसरी अडचण : मोजमाप

सर्वाधिक नुकसान येथेच होते. गोल लाकडाचे घनफळ काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एक प्रत्यक्ष घनफळाची आणि दुसरी पाव घेराची. पाव घेराच्या पद्धतीत लाकडाच्या मध्यावरील घेराला ४ ने भागून त्याचा वर्ग करतात व लांबीने गुणतात. प्रत्यक्ष घनफळासाठी घेराच्या वर्गाला लांबीने गुणून १२.५७ ने भागावे लागते. एकाच लाकडाचे पाव घेराने येणारे माप प्रत्यक्ष घनफळापेक्षा सुमारे साडेएकवीस टक्के कमी असते.

उदाहरण पाहू. मध्यावर ९० सें.मी. घेर आणि ३ मीटर लांबीचा एक ओंडका आहे.

तक्ता क्र. २ : एका ओंडक्याचे दोन पद्धतींनी माप
प्रत्यक्ष घनफळ : ०.१९३ घनमीटर, म्हणजे ६.८३ घनफूट
पाव घेराने : ०.१५२ घनमीटर, म्हणजे ५.३६ घनफूट
फरक : १.४७ घनफूट

अशी २० झाडे असतील तर फरक सुमारे २९ घनफूट होतो. हिशेबाच्या सोयीसाठी भाव १,००० रुपये घनफूट मानला, तर ही रक्कम २९,००० रुपयांच्या वर जाते.

पाव घेराचे माप म्हणजे फसवणूक असे समजू नये. ती व्यापारातील जुनी रीत आहे आणि त्या मापावरचा भावही त्याच हिशेबाने चढा असतो. पाव घेरावर १,००० रुपये भाव म्हणजे प्रत्यक्ष घनफळावर ७८५ रुपये. नुकसान होते ते भाव एका मापाचा ऐकला आणि मोजणी दुसऱ्या मापाने झाली तर. म्हणून भाव विचारताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात : माप कोणते, घेर सालीसह की सालीशिवाय आणि किती जाडीपर्यंतचे लाकूड मोजणार? शेंड्याकडचा भाग व फांद्या कोणाच्या, हेही तेव्हाच ठरवावे.

या सर्वांपेक्षा धोक्याचा प्रकार म्हणजे उभी झाडे उक्त्या भावाने, आपल्या बोलीत गुत्त्याने, विकणे. यात माप होतच नाही. व्यापाऱ्याची नजर रोजची सरावलेली असते. शेतकरी मात्र आयुष्यात एकदा किंवा दोनदाच झाड विकतो. अशा सौद्यात कोणाचा अंदाज बरोबर निघणार, हे सांगावयास नको.

चौथी अडचण : परवानगी आणि वेळ

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, ऐन, बिजा, हळदू इत्यादी झाडांचा समावेश आहे. स्वतःच्या शेतातील असली तरी ही झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. विरळणीसाठी काढावयाच्या सागालाही हे लागू आहे. तोडीनंतर मालाची नोंद, हातोड्याची निशाणी व वाहतूक परवाना झाल्याशिवाय लाकूड शेताबाहेर नेऊ नये.

यासाठी अर्जासोबत सातबारा उतारा, नकाशा, सहहिस्सेदारांची संमती आणि हद्दीचा पुरावा अशी कागदपत्रे लागतात. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसणे, वाटणी कागदावर न झालेली असणे आणि झाड नेमके धुऱ्याच्या मध्यावर असल्याने शेजाऱ्याने हरकत घेणे, या तीन कारणांनी प्रकरणे अडून राहतात.

येथे एक आर्थिक मुद्दा दडलेला आहे. कागदपत्रांची धावपळ व्यापारी स्वतः करतो, तेव्हा तो त्याचे श्रम, खर्च, वेळ आणि प्रकरण अडकण्याचा धोका हे सर्व झाडाच्या किमतीतून वजा करतो. शेतकऱ्याने विसार घेतलेला असल्याने त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाता येत नाही. ज्याचे कागद तयार आहेत, त्याच्याकडे दोन-तीन गिऱ्हाइके येऊ शकतात. म्हणून पैशाची गरज पडण्याची वाट न पाहता नोंदी आधीच पूर्ण करून ठेवाव्यात. कागद तयार ठेवणे हीसुद्धा एक मशागतच आहे.

अनुसूचित जमातीच्या खातेदारांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. पूर्वी मौल्यवान झाडे किरकोळ रकमेवर, कधी उसनवारीच्या बदल्यात, घेतली जात. ते थांबविण्यासाठी अशा झाडांची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने व वन विभागामार्फत करण्याची तरतूद झाली. धारणी, चिखलदरा, अचलपूर भागातील आदिवासी शेतकऱ्यांनी कोणाही व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नये.

झाड ठेवावे की तोडावे?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर टेपने मिळू शकते. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, झाडाला रंगाचा पट्टा मारावा आणि दरवर्षी दिवाळीनंतर तेथेच घेर मोजून वहीत लिहावा.

समजा, एका झाडाचा घेर ५ वर्षांत ६० वरून ७५ सें.मी. झाला. लाकूड घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सरळ खोडाची लांबी तीच धरली तरी लाकूड ५६ टक्क्यांनी वाढले. ही वाढ दरसाल ९ टक्क्यांहून अधिक पडते. असे झाड बँकेतील ठेवीपेक्षा चांगले काम करीत आहे, ते ठेवावे. दुसऱ्या झाडाचा घेर ५ वर्षांत ९० वरून १०० सें.मी. झाला, तर लाकूड २३ टक्के वाढले, म्हणजे दरसाल सुमारे सव्वाचार टक्के. येथे केवळ वाढीसाठी थांबण्यात फारसा अर्थ नाही. मात्र जाड लाकडाला घनफुटामागे भावही अधिक मिळतो. घेर पुढच्या प्रतीत जाण्याच्या बेतात असेल, तर एक-दोन वर्षे थांबणे फायद्याचे ठरते.

हाच हिशेब कर्जाला लावावा. सावकाराकडून शेकडा २ रुपये महिना दराने रक्कम घेतली, तर वर्षाचे २४ टक्के व्याज होते. कोणताही साग या वेगाने वाढत नाही. अशा वेळी झाड राखून सावकाराचे कर्ज काढणे म्हणजे झाडही गमावणे व शेतही अडचणीत आणणे होय. त्यापेक्षा निवडक झाडे विकावीत. याउलट बँकेचे किंवा सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज कमी व्याजाने मिळत असेल, तर जोमात असलेले झाड घाईने विकू नये.

विक्रीपूर्वी काय करावे?

१. प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन घेर, सरळ खोडाची लांबी, गाठी, पोकळी व वाक यांची यादी करावी.

२. परतवाड्याच्या आगारातील लिलाव एकदा तरी प्रत्यक्ष पाहावा. कोणत्या प्रतीच्या मालाला काय भाव लागतो हे तेथे समजते. त्यातून तोडणी, ओढणी, भराई, वाहतूक व व्यापाऱ्याचा वाजवी नफा वजा केला की शेतावरच्या झाडाचा अंदाज येतो.

३. एका शेतकऱ्याची पाच झाडे ट्रक भरत नाहीत. अर्ध्या ट्रकचे भाडे मात्र अर्धे नसते. गावातील पाच-सात शेतकऱ्यांनी एकत्र परवानगी घेऊन एकत्र माल काढावा.

४. सौदा लेखी करावा. माप, भाव, तोडणीची मुदत, मजुरी कोणाची आणि पैसे केव्हा मिळणार हे त्यात लिहावे. माल उचलण्यापूर्वी पूर्ण रक्कम घ्यावी.

५. तोड जमिनीलगत, तिरपी व गुळगुळीत करावी. सागाच्या बुडख्याला फुटवे येतात. त्यांतील एक किंवा दोन सशक्त फुटवे राखल्यास दुसरी लागवड न करता नवीन झाड उभे राहते. जुन्या मुळांमुळे त्याची सुरुवातीची वाढ लवकर होते.

६. लागवडीचा, राखणीचा व विक्रीचा हिशेब जपून ठेवावा. स्वतः लावून जोपासलेल्या झाडांचे उत्पन्न आणि आपोआप उगवलेल्या झाडांचे उत्पन्न यांत आयकराच्या दृष्टीने फरक आहे. तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निर्णयापासून मानला जातो. रक्कम मोठी असेल तर कर सल्लागारास विचारावे.

केवळ सागावर विसंबू नये

बाजार बदलतो. लोखंडी चौकटी, प्लायवूड व ॲल्युमिनियम यांनी सागाची बरीच जागा घेतली आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा सागही भारतात येतो. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केल्यावर व्यापाऱ्यांनी इतर देशांतून माल आणणे वाढविले. १९८० च्या दशकात उत्तर भारतात व गुजरातेत शेतकऱ्यांनी निलगिरीची मोठी लागवड केली. सर्वांचा माल एकदम बाजारात आला आणि भाव कोसळले. हा धडा विसरता कामा नये.

झाडांच्या उत्पन्नाची पायऱ्यांप्रमाणे रचना करावी. पहिल्या वर्षापासून धुऱ्यावरील गवत, चौथ्या-पाचव्या वर्षापासून सीताफळ, बोर व बांबू आणि शेवटी साग. बांबूच्या बाबतीत २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन तो झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे खाजगी जमिनीवरील बांबूची अडचण बरीच कमी झाली. सागाच्या दोन रोपांत २ मीटर अंतर ठेवल्यास एक हेक्टर चौरस शेताच्या चारही धुऱ्यांवर सुमारे २०० झाडे बसतात. ती शेवटपर्यंत सर्व ठेवू नयेत. आठ ते दहा वर्षांनी परवानगीने एकाआड एक झाड काढावे. त्यातून बल्ल्या मिळतात आणि उरलेल्या झाडांना जाड होण्यास जागा मिळते. सगळी लागवड एकाच वर्षी न करता दर तीन-चार वर्षांनी एक धुरा घ्यावा. म्हणजे उत्पन्नही टप्प्याटप्प्याने येईल.

सामूहिक पातळीवर अचलपूर तालुक्यातील पायविहीरचे उदाहरण जवळचे आहे. वन हक्क कायदा, २००६ खाली सामूहिक हक्क मिळाल्यावर या गावाने ओसाड वनजमिनीवर झाडे वाढविली व सीताफळाच्या विक्रीतून उत्पन्न उभे केले. या कायद्याने इमारती लाकडावर नव्हे, तर गौण वनोपजावर हक्क दिला आहे. झाड उभे ठेवूनही त्यापासून दरवर्षी पैसा मिळू शकतो, हे या गावाने दाखविले.

राखण

चोरी व आग हे दोन धोके शेवटपर्यंत राहतात. चैत्र-वैशाखात धुरे जाळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. एका दुपारच्या आगीत दहा वर्षांच्या सागाची साल करपते, खोडात पोकळी धरते आणि वीस वर्षांनी तेच लाकूड फुसके निघते. धुऱ्यावर साग असेल तर तेथील काडीकचरा जाळू नये, तो गोळा करून खतात टाकावा. पीकविम्यात सागाला संरक्षण नाही, म्हणून राखण हाच त्याचा विमा समजावा.

शेतकरी बंधूंनो, केवळ लाकूड तोडून वर्षाचे पोट भरणे वऱ्हाडात अवघड आहे. परंतु शेतीला जोड म्हणून धुऱ्यावरचा साग ही चांगली ठेव आहे. ठेव मोडताना आपण पासबुक पाहतो, व्याज विचारतो आणि पावती घेतो. झाड विकतानाही तेच करावे. यंदा दिवाळीनंतर एक टेप आणि एक वही घेऊन धुऱ्यावर जावे व आपल्या झाडांचे घेर लिहून ठेवावेत. पुढे व्यापारी वावरात येईल तेव्हा झाडाची किंमत त्याच्याकडून ऐकण्याची वेळ येणार नाही, ती आपल्याला आधीच ठाऊक असेल.